वीस हजारांचा व्हॉल्व्ह

इन्क्रिमेंटचे एरियर्स खात्यात पडले की माणसाला दोन प्रकारची खाज सुटते. एक, मोबाइल बदलायची. दुसरी, जिच्यावाचून आपलं काहीही अडलेलं नाही अशी एखादी भन्नाट वस्तू घरी आणायची. 2022 च्या पावसाळ्यात मला ही दुसरी खाज सुटली. बजेट ठरलं, वीस हजार. वस्तू ठरली, हेडफोनसाठीचा ट्यूब अॅम्प्लिफायर.

'म्हणजे ट्यूबलाइटसारखं काही असतं का?' ऑफिसात पलीकडच्या डेस्कवरून विचारणा झाली. नाही हो. ट्यूब म्हणजे व्हॉल्व्ह. आजोबांच्या रेडिओच्या पाठीमागच्या जाळीतून डोकावलं की आत पेटलेल्या दिसायच्या ना, त्या काचेच्या कुप्या. 1906 साली ली डी फॉरेस्ट नावाच्या अमेरिकन माणसाने काचेच्या नळीत तारेची एक जाळी बसवली आणि बारीक सिग्नल मोठा करायची सोय झाली. पुढे 1947 मध्ये बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टर जन्माला आला आणि व्हॉल्व्हची सद्दी हळूहळू संपली. संपली म्हणजे रेडिओ-टीव्हीतून संपली. गिटारवाल्यांनी आणि गाण्याच्या वेड्यांनी मात्र तो आजवर सोडलेला नाही. व्हॉल्व्हचा आवाज 'वॉर्म' असतो म्हणे.

माझ्या बाबतीत या वेडाला एक घरगुती कारणही होतं. आमचं घर मालवणजवळ वायरीला. गावाचं नावच वायरी, त्यात बाबांचा धंदा रेडिओ दुरुस्तीचा! त्यावरून लहानपणी शाळेत जाम चिडवून घ्यायचो. मालवणच्या बाजारात बाबांचं दीड खणाचं दुकान होतं. मर्फी, फिलिप्स, बुश असे सगळे पेशंट तिथे भरती व्हायचे. खाऱ्या हवेने चॅसीवर हिरवा थर चढलेला, कपॅसिटर सुकलेले, एखाद्यात पालीने संसार थाटलेला. गावात वीज येण्याआधी तर 90 व्होल्टच्या ड्राय बॅटरी पॅकवर चालणारे व्हॉल्व्ह रेडिओ असत, असं बाबा सांगतात. मी समजता झालो तेव्हा दुकानात टेपरेकॉर्डर आणि टीव्हीच जास्त होते, पण घरच्या मर्फीचा हिरवा डोळा मला पक्का आठवतो. स्टेशन नीट लागलं की तो डोळा मिटत यायचा. त्याचा तो गोल, भरीव, ऊबदार आवाज हेडफोनमधून पुन्हा मिळावा, एवढीच माझी माफक अपेक्षा.

सात-आठ रात्री व्हिडिओ बघून डोळे लाल केले आणि शेवटी सगळे करतात तेच केलं. सगळ्यात स्वस्त होता तो घेतला. चार हजारांत दोन व्हॉल्व्हवाला चकचकीत डबा. अंधारात असा काही नारिंगी उजळायचा की आवाजाचं कौतुक बाजूलाच राहायचं. गणपतीला गावी निघालो तेव्हा तो बॅगेत घातला. म्हटलं, बाबांना सरप्राइज देऊ.

बाबांनी चष्मा सारखा केला. डबा उलटा केला, सुलटा केला.

"ह्यां काय हाडलंस रे?"

"व्हॉल्व्हचो अॅम्प, बाबा."

त्यांनी प्लग लावला. दिवा लागला. दोन सेकंदांत त्यांनी तो बंद केला.

"मेल्या, ह्यो उजेड व्हॉल्व्हचो नाय. खाली बल्ब लावलेलो आसा!"

होता खरा. सॉकेटच्या मधोमध छोटासा नारिंगी एलईडी. खऱ्या व्हॉल्व्हचा हीटर तापायला वीस-तीस सेकंद घेतो आणि त्याचा उजेड काजव्याएवढा. बटण दाबल्याबरोबर दिवाळी झाली की समजायचं, काहीतरी गडबड आहे. हेडफोन लावल्यावर मागे सतत एक 'हूं' असा आवाज येत होता. त्याला मी इतके दिवस व्हॉल्व्हचा स्वभाव समजत होतो. बाबा म्हणाले, तो स्वभाव नव्हे, तो पॉवर सप्लायचा आळस. चार हजार पाण्यात. उरले सोळा.

साठ की आठ?

मुंबईला परतताना बाबांनी एकच मंत्र दिला. "आदी स्पीकर बघूचो, मगे अॅम्प." दुकानाच्या दिवसांत कुणी नवा अॅम्प्लिफायर मागायला आलं की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, घरात स्पीकर कुठला आहे? हेडफोनलाही हाच नियम. माझा हेडफोन बत्तीस ओमांचा. तुमच्याआमच्या बहुतेकांचे असेच असतात, सोळा किंवा बत्तीस ओमांचे, कारण ते मोबाइलवर चालावेत म्हणून बनवलेले. झेनहायझरचा एचडी 600 सारखा मॉडेल तीनशे ओमांचा असतो. ही बाब डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेली असते आणि आपण ती कधी वाचत नाही.

इथेच सगळी मेख आहे, म्हणून थोडा क्लास घेतो. व्हॉल्व्ह अॅम्प्सच्या तीन जाती. पहिली, ज्यात व्हॉल्व्ह आणि हेडफोन यांच्यामध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. वजनदार, महाग. चांगला ट्रान्सफॉर्मर म्हणजे तांबं आणि लोखंड, आणि ते किलोवर पडतं. दुसरी जात ट्रान्सफॉर्मरशिवायची, तिला ओटीएल म्हणतात. बॉटलहेडचा क्रॅक किंवा डार्कव्हॉइसचा 336 ही तिची गाजलेली नावं. दिसायला देखणी, पण यांचा स्वतःचा आउटपुट रोध बऱ्याचदा पन्नास-शंभर ओमांच्या घरात. तिसरी जात हायब्रिड. सिग्नल मोठा करायला व्हॉल्व्ह, हेडफोनला ताकद द्यायला ट्रान्झिस्टर. रोध जेमतेम काही ओम.

आता हिशोब बघा. अॅम्पचा रोध आणि हेडफोनचा रोध एकाच रांगेत उभे राहतात आणि व्होल्टेज आपापल्या वाट्याने वाटून घेतात. अॅम्प साठ ओमांचा, हेडफोन बत्तीसचा, तर हेडफोनच्या पदरात जेमतेम एक तृतीयांश पडतं. बाकीचं अॅम्पच गिळतो. म्हणून ढोबळ नियम असा, की हेडफोनचा रोध अॅम्पच्या आउटपुट रोधाच्या निदान आठपट हवा. बत्तीसला आठने भागा, चार. म्हणजे मला चार ओमांच्या आतला अॅम्प हवा होता.

गंमत म्हणजे ज्याला लोक 'व्हॉल्व्हचा भरीव बेस' म्हणतात, त्यातला काही भाग या वाटणीचाच असतो. एचडी 600 सारख्या हेडफोनचा रोध सगळ्या सुरांना सारखा नसतो. खालच्या सुरांना एका ठिकाणी तो चढत पाचशे ओमांच्या आसपास जातो. मग जास्त रोधाच्या अॅम्पवर तिथे व्होल्टेजचा वाटा थोडा मोठा पडतो आणि बेस फुगतो. जादू वगैरे काही नाही. दहावीच्या पुस्तकातला ओमचा नियम.

हे सगळं मला एका फटक्यात कळलं असं समजू नका. रोज रात्री मी बाबांना फोन करायचो. एका सुंदर ओटीएलवर माझा जीव जडला होता. बजेटमध्ये बसत होता, फोटो तर असले कातिल! मी म्हटलं, "बाबा, आउटपुट साठ ओम आसा."

"आठ? आठ मगे चलात. जरा जास्त, पण चलात."

मी ऑर्डरचं बटण दाबायच्या बेतात होतो. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. "आठ नाय ओ, साठ म्हणता तो!" पलीकडे दोन क्षण शांतता. मग बाबा तडकले, "मगे नीट बोलाक काय होता? तुमी लोक तोंडातल्या तोंडात बोलतास."

मी तोंडातल्या तोंडात बोललो नव्हतो.

तौक्तेची ती रात्र

खरं म्हणजे मला हे वर्षभर आधीच कळायला हवं होतं. मे 2021 मध्ये लॉकडाऊनमुळे मी वायरीहूनच काम करत होतो. 16 मेला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं. माड कोसळले, विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे टॉवर मुके झाले. लॅपटॉप म्हणजे नुसता पाट. कित्येक दिवस अंधार. जगाची खबर फक्त बाबांच्या दोन सेलवाल्या ट्रान्झिस्टरवर. रात्री आम्ही तिघं कंदिलाभोवती बसायचो आणि बाबा आवाजाचं चाक शेवटापर्यंत फिरवून म्हणायचे, "सेल उतरले वाटतां. काय बोलता ता समजना नाय." सेल नवे होते. मला स्वच्छ ऐकू येत होतं, आईलाही. आई बातमीचं प्रत्येक वाक्य त्यांना परत सांगायची. मी ते बघितलं आणि वादळाच्या धांदलीत सोडून दिलं.

साठचं आठ झालं तेव्हा मात्र पोटात खड्डा पडला. 'साठ'मधला 'स' हा फार उंच पट्टीचा, वाऱ्यासारखा आवाज. वय झालं की कान आधी हेच वरचे आवाज सोडतो. 'स', 'श', 'फ', 'थ', पक्ष्यांची किलबिल, झांज. खालचे स्वर शाबूत असतात. त्यामुळे माणसाला वाटतं, मला ऐकू तर येतंय, लोकच नीट बोलत नाहीत. कान तपासायचा विषय मी काढला तर उत्तर ठरलेलं. "माका काय झाला नाय." कानात यंत्र? चाळीस वर्षं लोकांच्या यंत्रांचे कान पिळलेल्या माणसाला? विषय बंद.

म्हणून मग ठरवलं, हा अॅम्प आपल्यासाठी नाही घ्यायचा. बाबांसाठी घ्यायचा. हेडफोन ते लावतील, कारण त्यात व्हॉल्व्ह आहे. पुढचं पुढे.

बजेटला कोणी वाली

सोळा हजारांत हायब्रिड शोधायला लागलो. शीट नावाची एक अमेरिकन कंपनी आहे. नाव खरंच असं आहे, ऑफिसात मोठ्याने उच्चारू नका. तिने 2015 मध्ये वाली 2 नावाचा छोटा हायब्रिड काढला, तेव्हा किंमत होती 169 डॉलर. एकच व्हॉल्व्ह, तोही सॉकेटमधून बदलता येणारा. रोध कमी, बत्तीस ओमांना चालेल असा. आपल्या बजेटला कोणी वाली नाही असं वाटत असतानाच हा वाली भेटला! नवा मागवायचा तर कस्टम ड्यूटी आणि कुरिअर धरून हिशोब बाहेर जात होता. शेवटी एका पुणेकराकडे सेकंडहँड मिळाला. साडेबारा हजार, वर एक जास्तीचा व्हॉल्व्ह फुकट. पुणेकराने फुकट दिला, हे मुद्दाम नोंदवतो.

देवदिवाळीच्या सुमारास तुतारी एक्स्प्रेस पकडली, सकाळी कुडाळला उतरलो, वायरीला चहा व्हायच्या आत डबा टेबलावर. मी उत्साहात प्लग लावायला गेलो तर बाबांनी हात धरला. अॅडॉप्टरवरची बारीक अक्षरं भिंगातून वाचली.

"115 व्होल्ट. लाव, म्हणजे धूर बघूक गावतलो."

अमेरिकेतून आलेला माल! आपल्याकडे 230 व्होल्ट. पुणेकर कन्व्हर्टर वापरत होता, तो वेगळा विकत घ्यायचा होता, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. परदेशातून भाऊ-मित्र आणून देतात ती कुठलीही वस्तू लावण्याआधी पाठीमागची पट्टी वाचा, ही टिप माझ्याकडून फ्री. बाबा माळ्यावर गेले, दुकानाच्या ट्रंकेतून एक जुना स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर काढला, मीटरने तपासला. "ह्यो अॅडॉप्टर 60 सायकलचो. आपल्या 50 वर जरा तापतलो, पण चलात." आणि मग, तीस सेकंद थांबून, काजव्याएवढा खरा उजेड लागला. एकाहत्तर वर्षांचा माणूस त्याच्याकडे असा बघत होता की मला साडेबारा हजार तिथेच वसूल वाटले.

पण बाबा ते बाबा. कौतुक नाही, आधी शिकवणी. ट्रंकेतल्या पेटीत भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने व्हॉल्व्ह होते, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. मी म्हटलं, यातला एखादा लावून बघू? त्यांनी कपाळाला हात लावला. नऊ पिनांचा व्हॉल्व्ह नऊ भोकांत बसतो म्हणून चालतो असं नसतं. ईसीसी 83 आणि ईसीसी 88 दिसायला जुळे भाऊ, पण हीटरच्या तारा वेगवेगळ्या पिनांवर. बघून लावायचं. आणि मोठ्या व्होल्टेजचा अॅम्प असेल तर बंद केल्यावरही आत हात घालायचा नाही, कपॅसिटर चार्ज धरून ठेवतात. हे सांगताना त्यांनी डावा अंगठा दाखवला. 1970 च्या दशकातला डाग अजून होता.

झांज खंय गेली?

गाणं लावायची वेळ आली. मी मुद्दाम दशावताराचं रेकॉर्डिंग आणलं होतं, आदल्या वर्षी जत्रेत मोबाइलवर केलेलं. पायपेटी, पखवाज, झांज. बाबांचा प्राण.

व्हॉल्व्हच्या गोडव्याचं गुपित मी वाचलं होतं ते असं. प्रत्येक अॅम्प मूळ सुरात थोडी भेसळ करतोच. या पद्धतीचा व्हॉल्व्ह करतो ती भेसळ मुख्यतः दुप्पट कंपनांची. 'सा' लावला तर त्यात पुसटसा वरच्या सप्तकातला 'सा' मिसळतो. ऐकणाऱ्याला भेसळ वाटत नाही, सूर भरल्यासारखा वाटतो. म्हणजे व्हॉल्व्ह जास्त खरा आवाज देत नाही, थोडा गोड खोटा देतो. आणि मर्फीची ती ऊब? मीडियम वेव्हवर साधारण साडेचार-पाच हजार कंपनांच्या वरचे आवाज जवळजवळ पोचतच नसत. वरची धार कापलेली, म्हणून गोल वाटायचं. मी ज्या ऊबेसाठी खिसा रिकामा करत होतो, ती बरीचशी नसलेल्या आवाजाची ऊब होती.

बाबांनी हेडफोन लावला. डोळे मिटले. बोटं टेबलावर पखवाज वाजवायला लागली. मी आणि आई एकमेकांकडे बघून हसलो. मग बोटं थांबली.

"झांज खंय गेली?"

मी हेडफोन घेतला. झांज होती. चांगली खणखणीत. मी काही बोलणार, तेवढ्यात बाबा कामाला लागले होते. अॅम्प बंद. व्हॉल्व्ह निवेपर्यंत थांबले, रुमालाने धरून काढला, पिना पुसल्या, पुणेकराचा जास्तीचा व्हॉल्व्ह बसवला. परत चालू. झांज नाही. हेडफोन उलटा घातला, डावा उजवीकडे. झांज नाही. अॅम्प बाजूला करून हेडफोन सरळ माझ्या लॅपटॉपला लावला. झांज नाही. एकेक भाग बदलत जायचं आणि फॉल्ट कुठे उरतो ते बघायचं. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. मी गप्प बसलो. आईसुद्धा.

शेवटी त्यांनी हेडफोन आईच्या डोक्यावर ठेवला. "तुका झांज गावता?"

आईने मान हलवली.

बाबा खुर्चीत टेकून बसले. बराच वेळ त्या काजव्याकडे बघत होते. मग अगदी दुकानात गिऱ्हाइकाला सांगावं तशा सुरात म्हणाले, "मगे फॉल्ट माझ्यातच आसा."

मला काय बोलावं कळेना. मीच म्हटलं, "आवाज वाढवया काय जरा?"

"वाढवन काय होतलां? पखवाज फाटात. ज्या येना नाय, ताच वाढवक होया."

ज्या माणसाला मी दीड वर्ष समजावू शकलो नव्हतो, त्याने कानाच्या डॉक्टरचं अख्खं लेक्चर एका वाक्यात देऊन टाकलं. अॅम्प सगळेच आवाज मोठे करतो. कानाचं यंत्र ज्या पट्टीचे आवाज कमी येतात, नेमके तेच उचलतं. म्हणून ऐकू येत नाही म्हणून हेडफोनचा आवाज वाढवत जाणं हा उपाय नव्हे. उलट उरलेला कान घालवायचा रस्ता. हे आपल्यालाही लागू आहे, बरं का. लोकलच्या खडखडाटावर मात करायला आपण व्हॉल्यूम किती चढवतो? जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे की 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास ही मोठ्यांसाठी मर्यादा. आवाज वाढला की तास झपाट्याने कमी होतात. आणि कानातल्या गेलेल्या पेशी परत येत नाहीत. तिथे जास्तीचा व्हॉल्व्ह मिळत नाही, पुणेकराकडेसुद्धा.

"कधी जावया त्या डॉक्टराकडे?" बाबांनीच विचारलं.

सोमवारी गेलो. सोळातून साडेबारा जाऊन उरलेल्या साडेतीन हजारांतून तपासणी झाली. डॉक्टरांनी कागदावर आलेख काढून दिला. डावीकडे सरळ चाललेली रेघ उजवीकडे, वरच्या पट्टीत, कड्यावरून पडावी तशी खाली गेलेली. बाबांनी तो कागद सर्किट डायग्राम वाचावा तसा वाचला. "म्हणजे मीडियम वेव्ह," ते म्हणाले. यंत्राने अर्थातच बजेटचा फज्जा उडवला. दोन्ही कानांचं मिळून आलेलं बिल इथे सांगत नाही. मोबाइल बदलायची खाज त्यानंतर दोन वर्षं सुटली नाही, एवढं सांगतो.

तर मंडळी, वीस हजारांत व्हॉल्व्हचा हेडफोन अॅम्प घ्यायचा असेल तर माझा फंडा असा. आधी हेडफोनवरचे ओम वाचा. बत्तीसच्या आसपास असतील तर हायब्रिड. तीनशे असतील तर ओटीएलचा विचार करा. बटण दाबल्याबरोबर नारिंगी झगमगाट झाला तर दुकानातून बाहेर पडा. पाठीमागची व्होल्टेजची पट्टी वाचा. समुद्राकाठी राहत असाल तर वर्षातून एकदा पिना पुसा. आणि या सगळ्याच्या आधी, फुकटात, एक काम करा. घरच्यांना फोन लावून 'साठ' म्हणा. पलीकडे काय ऐकू येतं ते बघा.

वाली आता वायरीलाच असतो, बाबांच्या टेबलावर, स्टेपडाउनच्या शेजारी. गाणं ऐकताना बाबा यंत्र काढून ठेवतात, कारण हेडफोनखाली ते शिट्टी मारतं. तेव्हा झांज त्यांना पुन्हा येत नाही. पण ती आहे हे त्यांना आता माहीत आहे, आणि बोटं नेमक्या जागी तिच्यासाठी थांबतात. यंत्र पहिल्यांदा घातलं त्या दिवशी मात्र गाणं-बिणं बाजूलाच राहिलं. घरात आल्या आल्या बाबा ओटीवर थबकले, वर बघितलं आणि आईवर डाफरले.

"इतकी वर्सां ह्यो पंखो कुरकुरता, आणि माका कोणी सांगूक नाय?"

स्टूल मागवलं, तेलाची बाटली मागवली, आणि चढले वर.